जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन बांधताना तडा सापडला तर

इंजिन खोललं की गावात पहिली चौकशी होते ती किटची. पिस्टन, लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी), रिंगा, बेअरिंगं, गॅस्केट सेट, सगळं मिळून कितीला पडेल? दुकानदार आकडा सांगतो, मालक त्याच दिवशी अकोल्याला नाहीतर यवतमाळला जाऊन किट घेऊन येतो. मग ब्लॉक धुताना दिसतं की लायनरच्या बैठकीला चीर गेलेली आहे. पाकिटं फोडलेली असल्यामुळे किट परत जात नाही. ब्लॉक बदलायचा तर दुसऱ्या मॉडेलचा हाताशी लागतो आणि त्याला हे लायनर बसत नाहीत. म्हणून क्रम असा ठेवा: खोला, धुवा, तपासा, ठरवा, आणि किट सगळ्यात शेवटी.

पंधरा-वीस किंवा त्याहून जास्त वर्षं चाललेला ट्रॅक्टर ज्यांच्या दारात आहे आणि गावच्या मिस्तरीला हाताशी घेऊन जे पहिल्यांदाच इंजिन बांधायला काढताहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. तडा केवढा आहे यावरून घाबरायचं की निश्चिंत व्हायचं ते ठरवू नका. पाण्याच्या जाकिटाच्या, म्हणजे सिलिंडरभोवती पाणी खेळतं त्या पोकळीच्या, बाहेरच्या भिंतीवरची वीतभर चीर नीट दुरुस्त झाली तर कित्येक वर्षं त्रास देत नाही. मेन बेअरिंगच्या बैठकीतली अर्ध्या इंचाची चीर मात्र अख्खा ब्लॉक भंगारात घालते. तडा कुठे आहे यावर सगळं अवलंबून आहे.

खोलायच्या आधी

शक्य असेल तर हे काम पोळ्याच्या सुमारास काढा. पेरणी उरकलेली असते, सोयाबीन सोंगायला अवकाश असतो आणि ट्रॅक्टर तसाही उभाच असतो. मृगाच्या तोंडावर इंजिन खोललं की सगळे निर्णय घाईत होतात आणि घाईतच तड्यावर सील थापलं जातं. पावसाळ्यातली एकच अडचण म्हणजे धुतलेल्या बीडावर, म्हणजे ओतीव लोखंडावर, एका रात्रीत गंज धरतो. सुटे भाग कोरडे करून लगेच ऑइलचा हात द्या आणि प्लास्टिकनं झाका.

इंजिन अजून जोडलेलं आहे तोवर ते बरंच काही सांगतं. रेडिएटरचं पाणी कमी होतंय पण बाहेर कुठे गळत नाही, ऑइल दुधाळ झालंय, सकाळी सुरू केल्यावर पांढरा धूर बराच वेळ थांबत नाही, थंड इंजिन चालू करून झाकण उघडं ठेवलं तर पाण्यात सतत बुडबुडे येतात, यातलं एकही लक्षण असेल तर तडा असू शकतो. पण नुसतं हेड गॅस्केट गेलं तरी हीच लक्षणं दिसतात. लायनरच्या खालच्या रबरी रिंगा कडक झाल्या तरी पाणी ऑइलमध्ये उतरतं. म्हणून लक्षण दिसलं की लगेच 'ब्लॉक गेला' असं कुणी म्हणालं तर ऐकून घ्या, पण मानू नका.

खोलण्याआधी एक स्वस्त चाचणी करता येते. इंजिन थंड असू द्या. ऑइल काढून खालचं चेंबर, म्हणजे ऑइल साठतं ते पात्र, उतरवा. रेडिएटर गच्च भरा. एका जुन्या झाकणाला ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवून घ्या, ओव्हरफ्लोची नळी चिमटून बंद करा आणि सायकलच्या पंपानं अर्धा-पाऊण किलो दाब द्या. त्याच्या वर जाऊ नका, जुन्या रेडिएटरचे सांधे उकलतात. आता बॅटरी घेऊन खालून बघा. लायनर आणि ब्लॉकच्या मधून थेंब येत असेल तर संशय रबरी रिंगांवर किंवा त्या बसतात त्या जागेवर. लायनरच्याच अंगावरून आतल्या बाजूनं ओघळ येत असेल तर वर हेडकडे किंवा लायनरला पडलेल्या बारीक छिद्राकडे बघा. ओल ब्लॉकच्या भिंतीवर असेल तर तिथे खडूनं खूण करून ठेवा. दाब रात्रभर ठेवता आला तर उत्तम, कारण काही तडे फार सावकाश गळतात.

काही ट्रॅक्टरचं चेंबर बीडाचंच असतं आणि पुढचा भार त्याच्यावरही असतो. त्यांचं चेंबर आधार दिल्याशिवाय उतरवू नका. तिथे रात्रभर दाब ठेवून सकाळी ड्रेन नट हळूच सैल करा. पाणी जड असल्यामुळे तेच आधी येईल. जागा कळणार नाही, पण पाणी उतरतंय की नाही हे तरी कळेल.

जुन्या आयशरच्या हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला यातलं काही लागू नाही. त्याला पाण्याचं जाकीटच नसतं. तिथे हेडच्या पंख्या, हेडचे बोल्ट आणि क्रँककेसचे कोपरे बघायचे.

सुटं करताना

बहुतेक ट्रॅक्टरला गाडीसारखी वेगळी चेसिस नसते. पुढचा एक्सल इंजिनाला लटकलेला, मागे गिअरबॉक्स इंजिनाला जोडलेला, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक हाच ट्रॅक्टरचा कणा. म्हणून ट्रॅक्टर मधून फोडताना पुढचा एक्सल आणि त्याचा ब्रॅकेट यांच्या मध्ये दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोका. एक्सल मधल्या पिनवर डोलतो. पाचरी नसल्या तर इंजिन सुटताक्षणी एका अंगावर लवंडतं, आणि खाली हात असेल तर हात जातो. जॅक उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. धरायला लाकडी ठोकळे किंवा स्टँड हवेत.

मेन बेअरिंगच्या कॅपांवर पंचनं नंबर टाका, त्या कोणत्या बाजूनं बसल्या होत्या तेही. त्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. हेडचे बोल्ट मधून बाहेर न सोडता कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे सोडा. गरम इंजिनाचं हेड सोडलं तर ते वाकतं.

धुणं

इथे लोक सगळ्यात जास्त कंटाळा करतात. डिझेलनं धुतलेला ब्लॉक डोळ्याला स्वच्छ दिसतो, पण तड्यात डिझेलच भरून राहतं आणि पुढची प्रत्येक चाचणी खोटी ठरते. आधी डिझेल आणि ब्रशनं चिखल-वंगण काढा. मग अर्धा कापलेला ड्रम चुलीवर ठेवून कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात हेड उकळा. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीच नाही. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा आणि ड्रमाजवळ पोरांना फिरकू द्यायचं नाही. ॲल्युमिनियमचा कोणताही भाग त्यात घालू नका, सोडा तो खाऊन टाकतो. नंतर साध्या पाण्यानं भरपूर धुवून हवेनं कोरडं करा.

ब्लॉकचे सगळे प्लग काढा आणि पाण्याच्या जाकिटातला गाळ खरवडा. खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे पूर्णा खोऱ्यातल्या अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या गावांतल्या ट्रॅक्टरांत हा थर बघण्यासारखा असतो. विहिरीचं खारं पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतल्यावर मागच्या सिलिंडरभोवती दगडासारखा पापुद्रा बसतो. तड्याचं निम्मं कारण तिथेच सापडतं, म्हणून तो खरवडून फेकण्याआधी मालकाला दाखवा.

तडा शोधणं

डोळे आणि बोट यांपासून सुरुवात करा. दिवसाचा उजेड, भिंग आणि नखाची कड एवढं पुरतं. हेडमध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटांमधली अरुंद पट्टी आणि सीट ते नोझलचं भोक, या दोन जागा आधी बघा. ब्लॉकमध्ये लायनरची कॉलर बसते ती पायरी, खालची रबरी रिंगांची जागा, हेड बोल्टच्या भोकांच्या कडा, मेन बेअरिंगच्या बैठकीपासून वर जाणारी फासळी, पुढच्या ब्रॅकेटचे कान आणि मागची गिअरबॉक्सकडची फ्लँज बघा.

मग रॉकेल-खडूची चाचणी. जागा कोरडी करून तिथे ब्रशनं रॉकेल फिरवा आणि पंधरा-वीस मिनिटं तसंच राहू द्या. रॉकेल मिळत नसेल तर पातळ पेनिट्रेटिंग ऑइल चालतं. कोरड्या फडक्यानं लखलखीत पुसा. आता खडूची बारीक पूड कापडाच्या पुरचुंडीतून झटका, पातळ पांढरा थर बसेपर्यंत. थांबा. हेडच्या तोंडाकडून हातोडीच्या लाकडी दांड्यानं हलके ठोके द्या. दोन सीटांच्या मध्ये पांढऱ्यावर एक करडी ओली रेघ उमटते, आधी तुटक, मग सलग. कधी ती सीटच्या कडेला थांबते, कधी सीटखाली शिरते. ती कुठे थांबली ते ओली आहे तोवरच टोकदार खिळ्यानं कोरून ठेवा. वाळली की तुम्ही आणि मिस्तरी दोघेही शपथेवर वेगवेगळी जागा दाखवाल.

याहून खात्रीची चाचणी तीन डब्यांच्या स्प्रेची: क्लीनर, लाल पेनिट्रंट, पांढरा डेव्हलपर. हे डबे जिल्ह्याच्या ठिकाणी वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात मिळतात. लाल मारल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. पुसताना क्लीनर कापडावर घ्यायचा, थेट भागावर मारायचा नाही, नाहीतर तड्यातला लाल रंगही धुवून निघतो. आणि उन्हात ही चाचणी करू नका. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि उन्हात पडलेला ब्लॉक हाताला चटका देतो. त्याच्यावर पेनिट्रंट आत मुरायच्या आधीच वाळतो. गोठ्यात, सावलीत, सकाळच्या वेळी करा.

या दोन्ही चाचण्या वर उघडलेला तडाच दाखवतात. आतून पाण्याच्या जाकिटात गेलेला तडा पकडायला प्रेशर टेस्टच लागते, आणि ती नागपूर, अमरावती, अकोल्यासारख्या ठिकाणच्या मशीन शॉपमध्ये करून घ्यावी. हेडची पाण्याची भोकं रबर आणि लोखंडी पट्ट्यांनी बंद करतात, आत दोन-तीन किलो हवा भरतात आणि हेड गरम पाण्यात बुडवतात. गरम पाण्याचा आग्रह धरा. थंड बीडात मिटलेली चीर तापल्यावरच उघडते. 'थंड पाण्यात पाहिलं, ओके आहे' या उत्तरावर हेड घरी आणू नका. घरच्या घरी कॉम्प्रेसर लावून एवढ्या दाबाची चाचणी करण्याच्या फंदात पडू नका. नीट न आवळलेली पट्टी उडाली तर ती माणसाच्या अंगावरच येते.

क्रँक दोरीनं उभा टांगा आणि प्रत्येक वजनावर लहान हातोडीनं ठोका. चांगला क्रँक खणखणीत आणि लांबत जाणारा आवाज देतो, तडा असलेला बद्द वाजतो. बद्द वाजला तर संशय पक्का, पण खणखणीत वाजला म्हणून तो निर्दोष ठरत नाही. जर्नलच्या, म्हणजे बेअरिंगात फिरणाऱ्या गोल भागाच्या, कडेची गोलाई आणि ऑइलची भोकं स्प्रेनं किंवा मॅग्नाफ्लक्सवर (चुंबकानं तडा दाखवणारं यंत्र) तपासून घ्या. तेही ग्राइंडिंगच्या आधी, आणि पुन्हा नंतर. ग्राइंडिंगनं नव्या बारीक चिरा पडू शकतात आणि आधीची चीर उघडीही पडते.

लायनरला बाहेरून, पाण्याच्या बाजूनं, एका उभ्या पट्ट्यात मुंग्यांनी खाल्ल्यासारखे खड्डे दिसले तर तो तडा नाही. लायनर थरथरतो, पाण्यात सूक्ष्म बुडबुडे फुटतात आणि धातू कुरतडला जातो. शेवटी आरपार छिद्र पडतं. लायनर बदलला की प्रश्न मिटतो, मात्र पाण्यात कूलंट घालायचं.

कोणत्या तड्याचं काय करायचं

हेडमधल्या दोन सीटांच्या मधली बारीक चीर जुन्या डिझेल इंजिनात इतकी नेहमीची आहे की ती दिसली म्हणून हेड फेकणं उधळपट्टी होईल. चीर सीटखाली शिरलेली नसेल आणि गरम प्रेशर टेस्टमध्ये बुडबुडा आला नसेल, तर ते हेड पुन्हा लावायला हरकत नाही. सीटपर्यंत गेली असेल तर चिरेचं टोक कापलं जाईल अशी मोठी सीट रिंग बसवतात. चीर नोझलच्या भोकात किंवा पाण्यात उघडत असेल तर नवं हेड घ्या. चालू मॉडेलांना हेड सहज मिळतं, तिथे वेल्डिंगवर खर्च करू नका.

ब्लॉकच्या बाहेरच्या भिंतीवर, पाण्याच्या जाकिटावर तडा असेल तर तो दुरुस्त होतो. थंड प्रदेशात पाणी गोठून असे तडे जातात. आपल्याकडे ते उलट्या कारणानं जातात: पाणी संपलं, इंजिन धगधगलं आणि कुणीतरी त्यावर बादलीभर गार पाणी ओतलं.

लायनरची कॉलर बसते त्या पायरीला तडा असेल तर जरा थांबा. ही पायरी लायनर उचलून धरते आणि हेडचा सगळा दाब सोसते. तिला कटरनं साफ करून खाली रिंग बसवता येते, पण ते काम बोअरिंगच्या यंत्रावरच व्हावं. गावात छिन्नीनं हा प्रयोग करणारा भेटला तर हात जोडा. हा तडा बहुधा मागच्या बांधणीत पडलेला असतो: कॉलरखाली कचरा राहिला, लायनर तिरका बसला आणि हेड आवळताना पायरीनं जीव सोडला.

हेड बोल्टच्या भोकातून निघालेला तडाही बांधणाऱ्याचीच देणगी. बंद तळाच्या भोकात ऑइल किंवा पाणी साचलेलं असतं. त्यावर बोल्ट आवळला की द्रवाला जायला जागा नसते आणि तो भोकाची भिंत फोडतो. मेटल स्टिचिंगवाल्याकडे हे दुरुस्त होतं, ती पद्धत पुढे सांगितली आहे. पुढच्या बांधणीत प्रत्येक भोक हवेनं फुंकून, टॅप फिरवून, कापडाची वात घालून कोरडं करा.

मेन बेअरिंगची बैठक किंवा तिची फासळी तडकली असेल तर वाद नको, ब्लॉक बदला. तिथे प्रत्येक स्फोटाचा धक्का येतो. असं वेल्डिंग काही महिने चालेलही, आणि मग भर नांगरणीत क्रँकसकट जाईल.

क्रँक, कनेक्टिंग रॉड, रॉडचे बोल्ट, रॉकर यांत कुठेही तडा असेल तर तो भाग टाकून द्या. क्रँकच्या जर्नलवर वेल्डिंग करून ग्राइंड करून देणारे भेटतात. झीज भरायला ते एक वेळ ठीक, तड्याला मात्र नाही. फ्लायव्हीलच्या तोंडावर क्लच घसरून पडलेल्या उथळ चिरा फेसिंगमध्ये निघतात. भोकाकडून कडेकडे गेलेली खोल चीर असेल तर ते फ्लायव्हील वापरू नका. ते फुटलं तर चालवणाऱ्याच्या पायांशीच फुटतं.

पुढच्या ब्रॅकेटचे कान आणि मागची फ्लँज इथले तडे पाण्याशी संबंधित नसतात, म्हणून दुर्लक्षित राहतात. खरं तर ट्रॅक्टर मधोमध मोडण्याची सुरुवात इथून होते. सैल बोल्ट, पुढे लावलेलं लोडर, काळ्या मातीत रुतलेल्या ट्रॉलीला दिलेले हिसके ही कारणं. दुरुस्ती होते, पण वेल्डिंगनंतर फ्लँजचं तोंड आणि डॉवेल (दोन भाग नेमके जुळवणाऱ्या खुंट्या) सरळ रेषेत आहेत का हे तपासल्याशिवाय जोडू नका, नाहीतर क्लच शाफ्ट आणि बेअरिंग खात राहील.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि वॉटर पंपाची बॉडी नवीनच घ्या.

दुरुस्ती कशी करून घ्यायची

तड्याच्या दोन्ही टोकांना, दिसतंय त्याच्या किंचित पुढे, साधारण ३ मिलिमीटरचं भोक पाडायचं, म्हणजे चीर पुढे सरकत नाही. पुढची पद्धत कोणतीही असो, ही पायरी गाळायची नाही.

ब्लॉकसाठी माझी पहिली पसंती मेटल स्टिचिंगला. चिरेवर ओळीनं भोकं पाडून त्यात आटे काढतात आणि एकमेकांत अडकतील असे पिन बसवतात. मग चिरेला आडवे कुलपासारखे तुकडे ठोकतात. यात उष्णता नाही, म्हणून ब्लॉक वाकत नाही आणि नवी चीरही पडत नाही. हे काम करणारे कमी आहेत आणि वेळ लागतो, पण महागड्या किंवा न मिळणाऱ्या ब्लॉकसाठी तेवढं थांबावं. एचएमटी ट्रॅक्टरचंच घ्या. कंपनीचा हरियाणातल्या पिंजोरचा ट्रॅक्टर विभाग बंद करायला केंद्रानं २०१६ मध्ये मंजुरी दिली. झेटरच्या जातीचं ते इंजिन अजून कितीतरी शेतांत चालतंय, पण नवा ब्लॉक शोधणं दिवसेंदिवस जड जाणार आहे. मॅसी १०३५ च्या तीन सिलिंडरच्या सिंपसन इंजिनाचं तसं नाही. त्याचे भाग आणि जुने ब्लॉकही मिळतात, तिथे दुरुस्तीचा हट्ट कमी धरावा.

वेल्डिंगवाल्याकडे गेलात तर आधी रॉड विचारा. संवाद बहुधा असा होतो:

"भाऊ, रॉड कोन्ता लावता?"

"कोन्ताबी लावला तरी पकडते ना बाप्पा. रोज नांगराचे फाळ जोडतो."

इथूनच घरी परता. फाळ पोलादाचा असतो, ब्लॉक बीडाचा. बीडात साधारण ३ टक्के कार्बन असतो. साधा रॉड लावला की तो कार्बन जोडात शिरतो आणि निवताना जोडाशेजारचा भाग काचेसारखा कडक होतो. मग चीर वेल्डिंगच्या रेघेला अगदी लागूनच पुन्हा पडते. निकेलचा रॉड हवा. तो महाग असतो, म्हणून स्वतः विकत घेऊन दिलेला बरा.

आधी ग्राइंडरनं इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच काढायची. मग गॅसच्या ज्योतीनं जागा तापवून आत मुरलेलं ऑइल जाळायचं, धूर थांबेपर्यंत. जोडाची जागा पुसायला ब्रेक क्लीनरचा स्प्रे वापरू नका. त्यातल्या काही प्रकारांपासून वेल्डिंगच्या उष्णतेत विषारी वायू होतो. निकेलच्या रॉडनं एका वेळी इंचभरच रेघ मारायची, लगेच गोल तोंडाच्या हातोडीनं हलके ठोके द्यायचे, हात ठेवता येईल इतकं निवू द्यायचं, मग दुसरीकडे पुढचा इंच. भराभर रेघ ओढणाऱ्याला अडवा. दुसरी रीत म्हणजे पूर्ण भाग भट्टीत ६०० अंशांच्या आसपास तापवून जोडायचा आणि कोरड्या राखेत किंवा चुन्याच्या भुकटीत एक-दोन दिवस निववायचा. ती भट्टीवाल्याची कामं आहेत, अंगणातली नाहीत. वेल्डिंग कुठेही करा, कुटाराच्या ढिगापासून आणि घरात साठवलेल्या कापसापासून दूर.

गॅसनं पितळ भरणं बाहेरच्या पातळ भिंतीला चालतं. मात्र एकदा पितळ भरलं की त्या जागी नंतर निकेलचं वेल्डिंग धरत नाही, म्हणून हा निर्णय परत फिरवता येत नाही. दोन नळ्यांचं एपॉक्सी फक्त बाहेरच्या, भार नसलेल्या, पाण्याच्या भिंतीसाठी, आणि तेही खरवडून ऑइलमुक्त केलेल्या जागेवर. हेडमध्ये, ऑइलच्या वाटेवर किंवा कानांवर ते थापू नका. रेडिएटरमध्ये टाकायची गळती बंद करणारी पूड पेरणीचा आठवडा निभावून नेईल, पण तड्याइतकीच ती रेडिएटरच्या नळ्याही बुजवते.

शॉपवर हेड किंवा ब्लॉक ठेवताना त्याच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात पंचनं खूण करा आणि फोटो काढा. दुरुस्तीनंतर प्रेशर टेस्ट पुन्हा होणार का आणि ती तुमच्यासमोर होणार का, हे पैसे ठरवतानाच बोला. हेड प्लेन करताना किती काढणार तेही विचारा. जास्त काढलं तर नोझलची आणि व्हॉल्व्हची उंची बिघडते, आणि मॅन्युअलमधल्या किमान जाडीच्या खाली गेलेलं हेड निकामी होतं.

ब्लॉक बदलायचा ठरला तर

जुना ब्लॉक भंगारवाल्याकडून घेताना तो धुवून, वरच्या सगळ्या चाचण्या करूनच पैसे द्या. मेन बेअरिंगच्या कॅप त्याच्याच असल्या पाहिजेत. तुमच्या कॅप त्याला बसणार नाहीत, लाइन बोअरिंग, म्हणजे सगळ्या बैठका एका रेषेत पुन्हा कोरणं, करावं लागेल. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो आणि तोच आरसीवर असतो, म्हणून विकणाऱ्याकडून बिल आणि त्या इंजिनाच्या कागदांची प्रत घ्या आणि बदल करण्याआधी आरटीओत नोंदीची रीत विचारा. ट्रॅक्टरवर बँकेचा बोजा असेल तर बँकेलाही कळवा. नंबर घासलेला ब्लॉक फुकट मिळाला तरी घेऊ नका.

तडा का गेला

हे न शोधता इंजिन बांधलं तर दुरुस्ती पाण्यात जाते. रेडिएटर उतरवून आतून साफ करून घ्या आणि बाहेरच्या जाळीतलं मळणीचं भूस मागच्या बाजूनं हवा मारून काढा. सोयाबीनच्या मळणीत ट्रॅक्टर दिवसभर एका जागी उभा राहतो आणि फॅन तेच भूस ओढत असतो, तिथे दर काही तासांनी जाळी बघायलाच हवी. फॅन बेल्ट, पाण्याचा पंप, रेडिएटरचं झाकण तपासा. थर्मोस्टॅट काढून फेकलेला असेल तर नवा बसवा. 'आपल्याकडे गरमच असते, कायले पाह्यजे' असं म्हणतात, पण त्याच्याशिवाय थंड इंजिन उशिरा तापतं आणि काही इंजिनांत पाण्याची वाटच चुकते. टेम्परेचरचा काटा चालू करून घ्या. बंद काटा आणि उन्हाळी नांगरणी ही जोडी मी पाहिलेल्या बहुतेक तडकलेल्या हेडांमागे होती.

विहिरीचं खारं पाणी बंद. डिस्टिल्ड किंवा पावसाचं गाळलेलं पाणी, आणि त्यात डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात कूलंट. कूलंट फक्त थंडीसाठी नसतं. गंज, थर आणि लायनरची कुरतड तेच थांबवतं. इंजिन तापलंच तर भार काढून ते मंद चालू ठेवा, झाकण लगेच उघडू नका, आणि गार पाणी तर ओतूच नका.

बांधणी आणि पहिली चाल

आता किट आणा. लायनर बसवल्यावर कॉलर ब्लॉकच्या वर किती राहते ते डायल गेजनं चारही बाजूंनी मोजा. हा फरक मिलिमीटरच्या शतांश भागांत असतो आणि नेमका आकडा मॅन्युअलचाच धरा. एका बाजूला जास्त आलं तर लायनर काढून खालची बैठक पुन्हा पुसा. हेड मध्यापासून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानं आवळा. पाइप घालून अंदाजानं आवळण्याची रीत इथे चालणार नाही.

ऑइल भरण्याआधी पाणी भरा आणि सुरुवातीचीच पंपाची चाचणी खालून बघत पुन्हा करा. रात्रभर खाली कोरडं राहिलं तर ऑइल भरा. नोझलच्या नळ्या सैल ठेवून स्टार्टरनं इंजिन फिरवा, ऑइलचा काटा उचलला की नळ्या आवळा आणि सुरू करा. वीस-पंचवीस मिनिटं मध्यम वेगानं चालवा. झाकण उघडायचं असेल तर ते इंजिन थंड असतानाच उघडून बुडबुडे बघायला बसा. चालून पूर्ण निवाल्यावर, मॅन्युअल सांगत असेल तर हेड पुन्हा आवळा आणि टॅपेट लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रेन नट किंचित सैल करून पहिला थेंब तळहातावर घ्या: तेल की पाणी?

पहिले ५० तास रिकामी ट्रॉली, हलकं वखरण, डवरणी एवढंच. मग ऑइल आणि फिल्टर बदला, काढलेलं ऑइल पारदर्शक बाटलीत दिवसभर उभं ठेवा आणि तळ बघा. तो कोरडा असेल तर ट्रॅक्टरला नांगर लावायला हरकत नाही.